अर्ध्या रस्त्यांचा डॉक्टर

आमचा व्यंकू संध्याकाळी जेवायला येतो तेव्हा त्याच्याजवळ हमखास एक अर्धा रस्ता असतो.

"भोकरच्या स्टँडवर उतरायचं," भाकरी मोडता मोडता तो सुरू होतो. "तिथून काळीपिवळीत बसायचं. पत्र्याच्या शाळेपाशी उतरलं की म्हसोबा उजव्या हाताला ठेवून चालत राहायचं. मग एक विहीर लागते. विहिरीला कठडा नाही, जपून जायचं." एवढं बोलून घास तोंडात घालतो आणि गप्प.

"मग, पुढं?" मी विचारते.

"पुढचं उद्या विचारतो. विहिरीपाशी त्यांना झोप लागली."

एखाद्या नवख्याला वाटेल, पोरगं कामातून गेलं. तसं काही नाही. व्यंकू म्हणजे व्यंकटेश, माझ्या लेकीचा लेक. लेक-जावई लातूरला असतात, जावयाचं तिथं पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. पोरगं डॉक्टर झालं आणि त्याहून मोठा डॉक्टर व्हायला नांदेडच्या सरकारी दवाखान्यात आलं. ह्या शिक्षणाला रेसिडेन्सी म्हणतात. म्हणजे हॉस्टेलात एक खोली मिळते, तिच्यात एक खाट असते आणि त्या खाटेवर तुमचे कपडे झोपतात. तुम्ही दवाखान्यात उभे. जेवायला आणि कपडे धुवायला आजी आहेच.

विषय कुठला, तर भूल. ऑपरेशनआधी माणसाला झोपवायचं, ऑपरेशन होईस्तोवर त्याचा श्वास सांभाळायचा आणि झालं की उठवायचं. ही बातमी कळली तेव्हा घरात सुतक पडल्यासारखं झालं होतं. जावयांना हाडांचा डॉक्टर हवा होता, मोठ्या पाटीचा. निलंग्याहून माझा भाऊ आला, त्यानं पाय धुतले, चहा घेतला आणि म्हणाला, "एवढं शिकून मान्सं झोपवायची? त्ये काम तर आमच्याकडचे कीर्तनकार बी करत्यात." बाजू घेतली ती एकट्या शकीलाबीनं. ती माझी शेजारीण, ब्लाउज शिवते, आणि तिचा थोरला एसटी स्टँडवर चहाचं कँटीन चालवतो, त्यामुळं गावातल्या सगळ्या बातम्या तिच्याकडं गरम गरम येतात. ती सुईत दोरा ओवत म्हणाली, "दुनिया को सुलाता, खुद नै सोता. बडा काम है, आपा."

आता रस्त्यांचं. भूल देताना पेशंटला म्हणे उलटे आकडे म्हणायला सांगतात, शंभर, नव्याण्णव असे. माणूस बोलता बोलता झोपतो. व्यंकू नवीन होता तेव्हा त्याच्या टेबलावर अहमदपूरकडची एक म्हातारी आली. भीतीनं लटलट कापत होती. ह्यानं आकडे म्हणायला सांगितले तर ती म्हणाली, "बाप्पा, मला सुलटे येत न्हाईत, उलटे कुठून म्हनू?" ह्यानं आकडे सोडून दिले. शेवटी विचारलं, "मावशी, तुमच्या गावाला यायचं असलं तर कसं यायचं?"

झालं. म्हातारी कापायची थांबली. आपल्याकडच्या माणसाला रस्ता विचारला की त्याच्या अंगात बळ येतं, हे तुम्हालाही ठाऊक असेल. किलोमीटर सांगणार नाही, पण जिथं पूर्वी गिरणी होती तिथून वळा, हे नक्की सांगेल. आता गिरणी नाही हा तुमचा प्रश्न. म्हातारी स्टँडपासून निघाली, फाट्यावर उतरली, मारुतीपाशी आली आणि तिथं झोपली. दुसऱ्या दिवशी हा वॉर्डात जाऊन तिच्या खाटेपाशी उभा. "मावशी, मारुतीपासून पुढं?"

तेव्हापासून हा नेम. ज्याला झोपवलं त्याच्याकडं दुसऱ्या दिवशी जाऊन उरलेला रस्ता घ्यायचा. असं काही पुस्तकात नाही. सोबतची पोरं हसतात. पण हा म्हणतो, "रस्ता पुरा झाला म्हणजे माणूस पुरा परत आला."

गंमत अशी, की ह्याला कुणी ओळखत नाही. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरला लोक पेरू आणून देतात, पायावर पोरं घालतात. हा झोपवताना तोंडाला फडकं बांधलेला आणि उठवेपर्यंत पेशंट बेशुद्ध. दुसऱ्या दिवशी रस्ता विचारला की बरेच जण त्याला एसटीचा माणूस समजतात. एकानं तर गाडी वेळेवर येत नाही म्हणून तक्रार केली. ह्यानं ती ऐकून घेतली आणि "बघतो" म्हणाला.

त्यालाही माणसं सरळ ओळखू येत नाहीत. भूलवाल्यांची जागा पेशंटच्या डोक्यामागं. म्हणजे सगळी दुनिया त्यानं उलटी पाहिलेली, हनुवटी वर आणि कपाळ खाली. एकदा बाजारात एक माणूस ओळखीचा वाटला तर हा त्याच्या मागं जाऊन, वाकून, वरून त्याचं तोंड बघू लागला. मार खाता खाता वाचला.

त्याची बघाबघी तर मी जन्मात विसरणार नाही. मुलगी लातूरचीच, बँकेत नोकरीला, हुशार, देखणी. पोहे झाले. मुलीच्या वडिलांनी कौतुकानं विचारलं, "मग डॉक्टरसाहेब, कशी वाटली आमची मुलगी?" ह्यानं तिच्याकडं नीट बघून मनापासून सांगितलं, "मान छान आहे. नळी सहज जाईल." हे भूलवाल्याच्या तोंडचं सर्वात मोठं कौतुक आहे, असं तो नंतर मला समजावत होता. भूल देऊन श्वासाची नळी घालायची तर म्हणे मान मोकळी लागते. सोयरीक काही जुळली नाही. मुलगी मात्र पदर तोंडाला लावून हसत होती, हे मी पाहिलं. जावयांनी पाहिलं नाही, ते घाम पुसत होते.

आणि मी. दुपारी जेवून खुर्चीत डुलकी लागली की माझी मान छातीवर पडते. हा घरात असला तर पेपर वाचता वाचता दोन बोटांनी माझी हनुवटी अलगद वर करतो. बघतसुद्धा नाही. "घोरणं म्हणजे वाट अडलेली असते, आजी," म्हणतो. मी जागी असले तरी मान पाडून बसते. म्हातारपणी कोण कुणाची हनुवटी धरतं?

रस्ता विचारण्याची ही खोड त्यानं माझ्याकडून नक्कीच घेतलेली नाही. तरुणपणी मी रस्ता विचारणं हा अपमान समजायचे. मॅट्रिक झालेली सून, डोक्यात ही एवढी हवा. लग्नानंतर पहिल्यांदा एकटी माहेरी निलंग्याला निघाले. नवरा म्हणाला, गाडी विचारून बस. मी म्हटलं, मला वाचता येतं. रुबाबात पदर सावरला, पाटी न वाचताच गाडीत चढले आणि भोकरला जाऊन उतरले. कंडक्टर म्हणाला, बाई, शेवटचा स्टॉप. मी भोकरलाच यायचं होतं असं तोंड करून उतरले. स्टँडला एक फेरी मारली, सीताफळं घेतली आणि त्याच गाडीत परत बसले. त्यानं विचारलं, "झालं का काम?" मी म्हटलं, "हाव, झालं." घरी नवऱ्यानं सीताफळ खाता खाता विचारलं, निलंगा कसं आहे. मी म्हटलं, आहे तसंच आहे. अशी ती शहाणी मुलगी. आज भेटली तर मी तिचा कान धरीन आणि सीताफळं काढून घेईन.

तर असं सगळं छान चाललं होतं. मग एक दिवस व्यंकू जेवायला आला आणि त्याच्याजवळ रस्ता नव्हता.

मी विचारलं, आज कुठलं गाव? म्हणाला, "कुठलंच नाही. आकडे म्हणायला लावले." दुसऱ्या दिवशीही तेच. मग येईनासाच झाला. आला तरी ताटाकडं बघत बसायचा. मी मुद्दाम मान पाडून घोरले. हनुवटीला हात लागला नाही.

लेकीचा लातूरहून फोन आला तेव्हा कळलं. अहमदपूरच्या पुढच्या एका खेड्यातला ज्ञानोबा नावाचा माणूस, लग्नाच्या बँडात क्लारनेट वाजवायचा. आतडं फुटलेलं, पोटभर विष पसरलेलं, घरी काढे घेऊन आणायला उशीर झालेला. व्यंकूनं त्याला झोपवलं. त्यानंही रस्ता सांगितला, एका कडुलिंबाच्या झाडापर्यंत. ऑपरेशन झालं, पण माणूस मशीनवरून उठलाच नाही, दोन दिवसांनी गेला. भूल शिकवणाऱ्या मोठ्या मॅडमनी ह्याला जवळ बसवून सांगितलं, तुझं काही चुकलं नाही, कुणीच वाचवू शकलं नसतं. ह्यानं मान हलवली. आणि बापाला फोन करून सांगितलं, मी शिक्षण सोडतो, दुकानात बसतो.

जावयांनी दुकानात त्याच्यासाठी कोपऱ्यातलं टेबल पुसून ठेवलं म्हणे. लेक रडत होती. "आई, तू काहीतरी बोल त्याला." मी काय बोलणार? मोठ्या मॅडमपेक्षा मला जास्त कळतं का?

शकीलाबीला वेगळाच संशय होता. "आपा, बच्चे का कहीं दिल लगा है." तिचा लेक सांगत होता म्हणे, डॉक्टर सुटीच्या दिवशी स्टँडवर येतो, लातूर गाडीच्या फलाटावर बाकड्यावर बसतो. ती गाडी अहमदपूरवरूनच जाते. गाडी लागते, भरते, निघून जाते. हा बसलेलाच. दुसरी लागते. हा बसलेलाच. मग उठून परत.

शकीलाबीला त्यात मुलगी दिसली. मला मात्र भोकरच्या स्टँडवर सीताफळं घेऊन उभी असलेली एक मुलगी दिसली, जिला रस्ता माहीत नव्हता आणि जी कुणाला विचारत नव्हती.

पुढच्या रविवारी दशम्या बांधल्या, ठेचा घेतला आणि रिक्षा करून स्टँडवर गेले. हा बाकड्यावर होताच. मला बघून दचकला.

"आजी, तू इथं काय करून राहिलीस?"

"अहमदपूरला चाललेय."

"कशाला?"

"सहज. पंचाहत्तरी झाल्यापासून एसटी मला फुकट आहे. पण मी कुठंही उतरते, तुला ठाऊक आहे. सोबत चल."

तो माझ्याकडं बघत राहिला. त्याला कळलं हे मला कळलं. गाडी लागली. मी चढले आणि दारातून हात मागं केला, तोल जातोय, धर म्हणून. म्हातारीचा हात धरायला तो चढला, आणि कंडक्टरनं घंटी मारली.

अहमदपूरला उतरल्यावर मात्र तो पुढं झाला. हा रस्ता त्याला पाठ होता. निळ्या टाकीपासून जीपमध्ये बसायचं. फाट्यावर उतरायचं, तिथं हॉटेल आहे, पण चहा घ्यायचा नाही, गुळचट असतो. शाळा मागं टाकायची. ओढा उतरायचा, चप्पल हातात घ्यायची. मेलेल्या माणसाच्या शब्दांवर पाय ठेवत आम्ही दोघं चाललो होतो. ज्ञानोबानं एकही खूण चुकवलेली नव्हती. ओढ्यात खरंच चप्पल हातात घ्यावी लागली.

आणि मग लिंब आला. दांडगा, पाराचा. त्याच्यापासून दोन वाटा फुटत होत्या.

व्यंकू पारापाशी थांबला. "इथपर्यंतच," म्हणाला. "चल, जाऊ परत."

पाराच्या पलीकडं एक बाई शेळ्यांना पाला तोडत होती. माझ्या साऱ्या जन्मात मी जे केलं नाही ते मी केलं. "बाई, क्लारनेटवाल्या ज्ञानोबांच्या घराला कसं जायचं?" तिनं विळा हातातच ठेवून डावीकडं बोट केलं. घर दिसतच होतं.

दारात ज्ञानोबाची बायको शेंगा फोडत बसली होती. पारूबाई. आम्हाला बघून उठली, सतरंजी टाकली, पाणी दिलं, मग विचारलं, "कुठून आलाव?"

मी काही बोलायच्या आत व्यंकू म्हणाला, "मावशी, मी नांदेडच्या दवाखान्यातला. मालकांना भूल दिली होती तो."

आता ही बाई काय म्हणेल, आणि जे म्हणेल त्यानंतर माझं पोरगं उभं राहील का?

ती त्याच्याकडं नीट बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी रस्ता इचारनारं पोरगं तूच व्हय?"

व्यंकूनं मान डोलावली.

"मालक मशीनवर व्हते तवा मी बायांच्या वार्डात टेकत व्हते, तिथं खाटावर एक बाई व्हती. तिला तू इचारायला आल्तास, वड्यापासून पुढं कसं म्हनून. तुझ्या मागं ती लई हसली, पोटाचे टाके धरून. मी म्हनलं, आमच्या मालकाला बी इचारलं आसंल. म्हंजी हे पोरगं आपल्याकडं बी येनार. मी वाट बघत व्हते."

"पण मावशी, ते उठलेच नाहीत. मी विचारणार कुणाला होतो?"

"मला," ती म्हणाली. "माझ्या घराचा रस्ता मला ठावं न्हाई का?"

व्यंकू खाली बसला. सतरंजीवर नाही, उंबऱ्यावरच. तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"कुठवर सांगितलं व्हतं त्येंनी?"

"लिंबापर्यंत."

पारूबाईनं पदराचं टोक हातात घेतलं आणि जरा वेळ त्याच्याशी चाळा करत बसली. मग तिच्या तोंडावर जे आलं त्याला हसूच म्हणायला पाहिजे.

"मग पोचले की रं, बाबा. वराती वाजवून आले की लिंबाखाली उभं राहून एकच सूर फुकायचे, लांबलचक. मी समजायचं आन् चुलीवर चहा ठेवायचा. कप भरायला आन् त्येंनी दारात यायला एकच गाठ. लिंबापासून पुढं रस्ता कुठंय? लिंबाशी आलं की घरीच आलं मानूस."

मग ती उठली आणि चहा ठेवला. व्यंकूनं दोन कप घेतले. निघताना ती त्याला म्हणाली, "इचारत जा. मानूस घराकडं निघालेला आसला की त्याला भ्या वाटत न्हाई." त्याच्या हातात तिनं शेंगांची पिशवी दिली. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना पेरू मिळतात. आमच्या पोराला आयुष्यात पहिल्यांदा कुणी काही दिलं ते तिनं.

परतीच्या गाडीत खिडकीशी मी, बाजूला तो, मांडीवर शेंगा. लोहा यायच्या आधी त्याला झोप लागली. महिन्याभराची साठलेली असावी. मान छातीवर पडली आणि घोरायला लागला, सगळी गाडी बघेल असा. मी दोन बोटांनी त्याची हनुवटी वर केली. वाट मोकळी झाली. मग नांदेड येईपर्यंत ती तशीच धरून बसले. हात भरून आला, पण एवढं शिक्षण मलाही झेपलं. कंडक्टर आला आणि हळूच म्हणाला, आजी, झोपू द्या, स्टँड आलं की सांगतो. बरं झालं. मला नाहीतरी कळलं नसतं.

लातूरच्या दुकानात ते टेबल अजून रिकामं आहे. जावई हल्ली त्यावर डबा खातात. शकीलाबी अजून म्हणते, अहमदपूरला मुलगीच होती. मी म्हणते, हाव, होती, शेंगा फोडत बसली होती.

त्या सोमवारी मी भाकऱ्या टाकत होते. पोरगं आलं, हातपाय धुतले, ताटावर बसलं. मी मुद्दाम काही विचारलं नाही. त्यानं भाकरी मोडली.

"निलंग्याच्या स्टँडवर उतरायचं," तो म्हणाला. "उसाच्या ट्रॅक्टरमागून चालत गेलं की पांढरी मशीद लागते. तिथून डाव्या अंगाला वळायचं. मग चिंचेचं बन. चिंचा पडलेल्या असल्या तर उचलायच्या, कुणी काही म्हणत नाही."

घास तोंडात घालून तो गप्प झाला. तव्यावरची भाकरी करपत होती, ती मी करपू दिली.

"मग, पुढं?"

"उद्या विचारतो," व्यंकू म्हणाला.